मधला तुकडा

सोहारच्या दवाखान्यात दाऊद हमदुले बाही वर सारतात.
ठिणग्यांनी डागलेला वेल्डरचा हात,
शीर मात्र लगेच सापडते.
"ही कसली नवी टेस्ट, बाय?
साखर तर मीच बघतो रोज."

साखर नाही, म्हटलं. एक तुकडा मोजायचाय.

जठरामागे, स्वादुपिंडात, बारीक बारीक बेटं असतात.
तिथे इन्सुलिन आधी एकच लांब धागा असतं.
धागा स्वतःवर दुमडतो,
गंधकाचे टाके दोन टोकांना जवळ धरतात,
मग कात्री येते
आणि मधला भाग कापून टाकते.
तो नसता तर टोकं समोरासमोर आलीच नसती.
आली, की त्याचं काम संपलं.

सुई निघाली. कापूस दाबून ते विचारतात,
"आणि आमच्या पेनातलं?"

ते कुठेतरी दूर, स्टीलच्या उंच टाक्यांत.
यीस्टच्या पेशीत माणसाची एक ओळ उतरवून देतात,
ती वाचते, बनवत राहते, रात्रंदिवस.
तिला स्वतःला त्याचा काही उपयोग नाही.

"आमच्या यार्डासारखं," हमदुले म्हणतात.
"जहाज कुणाचं, विचारायचं नाही."

पुढे छाटणं, गाळणं, पुन्हा गाळणं.
पेनात येतात ती फक्त जोडलेली टोकं.
म्हणून रक्तात मधला तुकडा सापडला
तर तो पेनातला नव्हे, तुमचाच;
बेटावर अजून कुणीतरी जागं आहे.

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.
आंबेत सोडलं तेव्हा सावित्रीवर शेवटची होडी होती,
मुलगी पोटात होती.
तिच्या लग्नाला अकरा दिवसांची रजा मिळाली.
हे ते सांगत नाहीत मला,
मागच्या खेपेला सांगून झालंय.

गुरुवारी रिपोर्ट आला.
शून्य पॉइंट तीन.

"म्हणजे?"
कमी आहे. फार कमी.
"पण आहे."
आहे.

कागदाची चौघडी घालून
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पेनाशेजारी ठेवतात,
दारापर्यंत जातात, वळतात.
"तो कापलेला तुकडा, त्याचं पुढे काय होतं?"

काही वेळ फिरतो रक्तात. मग लघवीवाटे जातो.

"एवढं करून?"

आणि असे हसतात
की रांगेतला बलुची म्हाताराही, काही न कळता, हसतो.
दार उघडतं. शेहेचाळीस अंश आत येतात.
मी पुढच्या नळीवर नाव लिहिते.
माझा करार मार्चपर्यंत आहे.