अनामत

कन्नमवार नगरात, तळमजल्यावरच्या गाळ्यात,
मंगळवारी आणि शनिवारी, सहा ते आठ,
मी शटर अर्धं वर करते.
अर्धंच, कारण पुढे ते अडकतं.
क्लबच्या इतिवृत्तात शटरदुरुस्तीचा ठराव
तीनदा मंजूर झालाय.

आत वॉकर अकरा. चाकाच्या खुर्च्या तीन,
त्यातली एक सारखी डावीकडे ओढते.
कुबड्या, कमोड, एअर बेड,
आणि एक लोखंडी कॉट,
हँडल फिरवलं की खिंकाळते.

भाडं नाही. अनामत पाचशे.
वस्तू परत, पैसे परत.

वर्धापनदिनाला फोटो काढतो आम्ही.
एका खुर्चीला नऊ हात.
मधोमध खानविलकर सर, गळ्यात अध्यक्षांचा पट्टा.
मागचा बॅनर दुमडला, 'सेवा'चा काना घडीत गेला,
नुसती 'सेव' उरली,
आणि खाली टेबलावर खरोखरच सेव, वेफर्स, पेढा.
हसू नये.
तो फोटो बघूनच कुणीतरी पुढची खुर्ची देतं.

वहीत रकाने सहा.
सातवा होता: परत करण्याचं कारण.
फिलोमिनाताईंनी पहिल्याच वर्षी
पट्टी लावून तो खोडला.
म्हणाल्या, आपण काय पोलीस आहोत?

पण वस्तूंना बोलायची खोड असते.
टागोर नगरच्या मोहसीन तुंगेकरनं वॉकर परत आणला,
दांडीला सायकलची घंटी.
मुलीनं लावली, म्हणाला,
आजोबा येतायत हे घरात कळावं म्हणून.
काढू का?
राहू दे, म्हटलं.
आता जो नेतो तो आधी एकदा वाजवून बघतो,
अगदी कोर्टातले निवृत्त शिरस्तेदारसुद्धा.

एअर बेड कधी दोनच दिवसांत येतो.
धुतलेला, डेटॉलचा वास, घडी फार नीट.
घडी फार नीट असली की मी मान वर करत नाही.
पाचशे मोजते. सही इथं.
कुणी म्हणतं, राहू द्यात, तुमच्याकडेच.
मग पावती फाडायची, मग विचारायचं,
कुणाच्या स्मरणार्थ?
आणि त्या माणसाला नावाआधी 'कैलासवासी'
पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी म्हणावं लागतं.
तेवढा वेळ मी पेन झटकत बसते,
चालत नाही म्हणून.

चौथी खुर्ची चार वर्षं आलीच नव्हती.
पार्कसाइट, वरची आळी, नाव रखमाजी शेलटे.
खानविलकर सर हिशेबाला कडक.
गेलो दोघं, चढ चढून,
वाटेत तीनदा थांबलो, दोनदा त्यांच्यासाठी.

रखमाजी पहिल्याच महिन्यात गेलेले.
खुर्ची नळाजवळ, ताडपत्रीखाली,
चाकांना ताजं तेल.
रिक्षा वर येत नाही ना, त्यांची सून म्हणाली,
मग कुणाला कळा येवोत, कुणाचा डायलिसिस असो,
ह्याच खुर्चीतून खाली.
दोघं पुढून दोरी धरतात, एक मागून.
आणि तिनं वही आणून दिली.
शाळेची, दुरेघी, वर मुलाचं नाव, तुकडी ब.
कोण गेलं, कधी, कुणी धरली, कधी जागेवर ठेवली.
चार वर्षं, एकही ओळ कोरी नाही.
अनामत असा रकानाच नव्हता.

सरांनी चष्मा पुसला.
पानं उलटली, सवयीनं एक बेरीज तपासली,
खिशातून लाल पेन काढलं,
मग ते परत ठेवून
तिच्याचकडचं निळं मागून घेतलं.
लिहिलं: पाहिले. बरोबर आहे.
आणि खाली सही, तारखेसकट.

पाचशे रुपये तिला दिले.
तिनं घेतले, तेलाला होतील म्हणाली.

परतून मी आमच्या वहीत
'परत केल्याची तारीख' ह्या रकान्यात
लिहिलं: पोचली.
हिशेबतपासनीसाला काय सांगायचं
ते मार्चमध्ये बघू.