साडेपाचचं पाणी

घरात आम्ही म्हणतो धुकं.
फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तेच होतं कोहरा,
आणि कोहऱ्यात सायकल चालवायची
तर डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो.
जीवाजीगंज नाकाला कळतं: विझलेली शेगडी, उतू गेलेलं दूध.
पडावचा पूल मांड्यांना कळतो,
पलीकडचा उतार दातांना.
मफलर ह्यांचाच. त्यातून उजवा कान उघडा ठेवते,
ट्रकांसाठी.

ह्यांच्या जागेवर लागले त्याला अकरा हिवाळे झाले.
उन्हाळे मी धरत नाही.
थाटीपूरची टाकी. साडेपाचला व्हॉल्व्ह.
सत्तावीस आटे, आणि अठराव्याला चाक अडतं;
तिथे एक शिवी द्यावी लागते, हिंदीतली.
मराठी शिवीला ते ऐकत नाही.

सायकलही ह्यांची, मधल्या दांडीची.
दांडीवरून पाय टाकायला शिकले चाळिसाव्या वर्षी,
गल्ली झोपल्यावर, भिंतीला धरून.
आता स्वेटरच्या आत कालचा पेपर घालते छातीवर,
हातमोज्यांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या,
आणि ब्रेकची तार आखडलेली असते म्हणून
थांबायचं असेल तिथून पंधरा हात आधीच
थांबायला लागते.

त्या दिवशी कोहरा नव्हता.
आभाळ रात्रभर झाकण काढून ठेवलेलं.
दूधवाले तोमर म्हणाले, मुरारकडे पाला पडलाय, चना गेला.
लग्न होऊन आले त्या वर्षी ह्याच वाक्यावर मी म्हटलं होतं,
पडू द्या पाला, झाडं हलकी होतील.
तोमर अजून हसतात.
त्या दिवशी हसले नाहीत.

पुलाच्या उतारानंतर खोदलेला चर आहे,
वर आडवा लोखंडी पत्रा.
खालच्या जॉइंटमधून पाणी झिरपतं.
रजिस्टरात तीनदा लिहिलंय मी, तारखांसह.
पत्र्यावर पुढचं चाक गेलं
आणि बाजूला निघून गेलं,
आवाज न करता, न सांगता.
मग मी. मग डबा.

दिव्याखाली बसून हात फिरवला.
काच वाटली. पण काच नखाने निघत नाही.
बोटाएवढा तुकडा निघाला, पातळ,
त्यातून खांबावरचा दिवा वाकडा दिसत होता.
का कोण जाणे, तोंडात घातला.
गंज. आणि ब्लीचिंग पावडर.
परवा मीच मोजून टाकलेली, दोन डबे आणि वर चिमूट.
म्हणजे माझंच पाणी होतं ते,
नळापर्यंत न गेलेलं.
दुसरा तुकडा काढून गुडघ्यावर धरला.
रक्त येत होतं, पण दुखणं जरा मागे सरलं.

व्हॉल्व्ह पाच एक्केचाळीसला उघडला.
अकरा मिनिटं.
बादल्या घेऊन उभ्या बायकांना सांगितलं, बर्फ होता.
ग्वाल्हेरात? त्यांतली एक म्हणाली,
दीदी, आम्हाला पण आणायचा ना थोडा.
सगळ्या हसल्या, मीही,
सलवार गुडघ्याला चिकटत होती.

उशिराचे कारण, ह्या रकान्यात मी लिहिलं: बर्फ.
भदौरियासाहेबांनी लाल पेनाने खोडून
वर लिहिलं: अपरिहार्य.
शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे, भांडता आलं नाही.
अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीचं रजिस्टर
कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतं.
हात पोचतो.
मी काढलेलं नाही.

जॉइंट फेब्रुवारीत बदलला.
पत्रा तसाच आहे.
मी त्याच्या अलीकडे उतरते, सायकल हाताने नेते,
पलीकडे गेल्यावर पुन्हा दांडीवरून पाय टाकते.
मे महिन्यातसुद्धा,
पहाटेच जेव्हा चपलेतून
पत्र्याची ऊब लागते.