विनंती थांबा

पहाटे पाच दहाची दापोली–केळशी.
दार ओढून घेते, दोरी दोनदा, टण टण.
शिगवण गिअर टाकतात
आणि नेमकी तेव्हाच पोटातली घंटा वाजते.

एकदाच. हळू.
दोन थांब्यांच्या मध्ये एखादी म्हातारी
"बाय गो, हितं जरा थांबवशील काय" म्हणते, तशी.

मी म्हणते, पुढे सरका.
पुढे जागा आहे, पुढे सरका.

अकरा वर्षं.
एका स्टँडवर दार आहे, कडी नाही.
एका स्टँडवर कडी आहे, दार नाही.
तिसरीकडे दोन्ही आहेत, पाणी नाही.
म्हणून मीच पाणी सोडलं.
तिकीट मशीनच्या पिशवीतली बाटली
सकाळी भरलेली, संध्याकाळी तश्शीच,
घरी आले की न्हाणीमागच्या अळवात ओतायची.
माझ्या वाटणीचं पिऊन अळू छत्रीएवढं झालं.

न थांबवलेला प्रवासी काय करतो?
दोनदा हाक मारतो, मग एकदा,
मग खिडकीला डोकं टेकून गप्प होतो.
तसंच पोट. चार दिवस गप्प, पाच दिवस गप्प,
दगडासारखं.
गोळी घ्यायची ती सुट्टीच्या आदल्या रात्री,
म्हणजे साप्ताहिक सुट्टी संडासात.
एकदा तर रजाच टाकली.
अर्जात लिहिलं, कारण: घरगुती.
कंट्रोलर तावड्यांना याहून जास्त काय सांगणार?

नाझनीन सिस्टर रोज माझ्याच गाडीने उपकेंद्रावर जातात.
एक दिवस बाटलीकडे बघून म्हणाल्या,
"ही कालचीच काय?"
मी मशीनचा कागद बदलत बसले.
त्यांनी पुढे काही विचारलं नाही.
आड्याला उतरता उतरता एवढंच,
"हाक आली की उठायचं गं.
ती सारखी सारखी येत नाही."

आता साडेतीनला उठते.
तांब्याभर कोमट पाणी. पहिले आठ दिवस रागाने प्यायले.
मग पेज, तिच्यात कालची कुळथाची पिठी असली तर चमचाभर,
मग हाक असो नसो,
दहा मिनिटं त्या पांढऱ्या भांड्यावर,
पायाखाली पाट.
हो, तोच. हळदीला बसले होते तो.
गुडघे वर येतात, पोट दुमडतं,
वाट सरळ होते म्हणे.
नवरा म्हणाला, पाटाची काय ही दशा!
हल्ली तोही विचारतो, पाट कुठाय गं?

फोन बाहेर. कुंथणं बंद.
घाटात नुसता रेस देऊन गाडी चढत नाही,
शिगवण म्हणतात, गिअर पाडायला लागतो.
(त्यांना ठाऊक नाही, ते मला काय शिकवून गेले.)

बारा दिवस काहीच नाही.
नुसती बसून राहायची,
खाली खाडीत कुणाच्या तरी होडीचं इंजिन
सुरू होता होता बंद पडायचं.
डब्यात नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला,
आणि त्याच अळवाचं फदफदं.
माझं पाणी मला परत.

तेराव्या दिवशी... असो.
एवढंच सांगते, त्या दिवशी चिल्लर मोजताना
मी गुणगुणत होते.

रोजच जमतं असं नाही.
गेल्या मंगळवारी सकाळची वेळ हुकली
आणि आंजर्ल्याच्या चढाआधी हाक आली.
एकदाच. हळू.
तोंडावर आलं होतं, पुढे सरका.
हात दोरीकडे गेला.
टण.

गाडी थांबली. बत्तीस माणसं.
जोगळे वहिनींच्या अंगणातून मागच्या दाराशी मी गेले,
कोंबड्या बाजूला झाल्या.

परत आले तर कुणी काही बोललं नाही.
कुणी घड्याळ पाहिलं, कुणी खोकलं.
लॉगशीटवर लिहिलं, उशीर सहा मिनिटं.
कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं, विनंती थांबा.

पहिल्या सीटवरच्या पाजपंढरीच्या म्हातारीने
टोपली मांडीवर नीट घेतली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"झाला मा? मार आता डबल."