चौथा आठवडा

मानेवाडा रोडवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना.
कूलरच्या ताट्यांतून वाळ्याचा वास,
बाहेर पंचेचाळीस.
खुर्चीत केवलराम निखारे,
अजनी यार्डातून रिटायर.
खालच्या जबड्यात डावीकडे, जिथं पहिली दाढ होती,
तिथं मी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू.

त्यावर तिळाएवढी खुंटी फिरवून बसवते, बोटांनीच.
पेनासारखं यंत्र जवळ नेते, टेकवत नाही.
खुंटी चुंबकाच्या हुकमानं थरथरते,
मला दिसत नाही, त्यांना जाणवत नाही.
हाड जेवढं घट्ट, तेवढी थरथर बारीक,
आकडा मोठा.

"मारून नाई पाह्यलं?"
काय मारून?
"हातोडी. एकतीस वर्षं चाकं वाजोले मी, मॅडम.
गाडी थांबली का बत्ती घेऊन खाली.
चांगलं चाक टण्ण म्हणते, लंबा.
तडा असला का थड्.
थड् आला का डब्बा काढाच लागते,
मंग त्यात कोणीबी बसलं असो."

आम्हीही वाजवायचो, मी सांगितलं.
कॉलेजात सरांनी आरशाच्या दांड्यानं ठोकून
म्हटलं होतं, ऐका.
मी ऐकलं. काही कळलं नाही.
मान हलवली.

पहिल्या दिवशी एकाहत्तर.
गाडीच्या नंबरासारखा पाठ करून गेले.

चौथ्या आठवड्यात अठ्ठावन्न.
खुंटी काढली, पुसली, परत बसवली.
अठ्ठावन्न.
तोंड उघडंच होतं त्यांचं,
त्यांनी डोळ्यांनी विचारलं.

मी बोलत सुटले.
पहिल्या दिवशीची पकड आट्यांची असते, काका,
जुन्या हाडात रुतलेल्या धातूची.
मग शरीर ते चेंगरलेलं हाड उचलून नेतं
आणि नवं आणायला वेळ लावतं.
मधे थोडे दिवस असे येतात की
जुन्यानं सोडलंय
आणि नव्यानं अजून धरायचंय.
होतं असं. बहुतेकांचं होतं.
हे मी ट्रेकडे बघत म्हणाले,
कारण बहुतेकांत हे बसतात का
ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी चूळ भरली. नॅपकिनची घडी घातली.
"मंजुळा गेली न, तं तेरवीपर्यंत मी एकदम पक्का.
पाहुणे, गाद्या, मंडपवाल्याचा हिशोब,
सारे धरून होते मले.
महिना झाला. पोरीचा फोन आला,
बाबा, जेवले का?
मी ताटापाशीच बसलो होतो. वरण थंडं झालं.
बोलताच नाई आलं मले.
वाटलं, गेलो आता कामातून."
मग घड्याळाचा पट्टा लावता लावता,
"त्या हप्त्यात मोजलं असतं तुमी मले,
तं किती आला असता?"

कार्डावर लिहिलं: ५८.
त्याखाली: फुटाणे बंद. डावीकडून चावू नये.
त्याखाली काहीतरी लिहायला पेन टेकवलं होतं,
तिथं निळा ठिपका राहिला.

जुलैत आले. कूलर झाकून ठेवलेला,
खाली झेरॉक्सवाल्याकडे ॲडमिशनवाल्या पोरांची रांग.
गालाकडून शहात्तर.
जिभेकडून एकोणसत्तर.
"एकाच दाढेचे दोन कसे?"
हाड सगळीकडून सारखं धरत नाही.
आम्ही कमीचा लिहितो.
"बराबर हाय," म्हणाले,
आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसले.

खुंटी काढून मी टोपी बसवली.
त्यांनी ट्रेमधला आरसा मागितला.
उलटा धरला,
आणि दांड्यानं स्वतःच्याच जबड्यात, हलकेच,
यार्डात मध्यरात्री मारत असतील तसा
एक ठोका दिला.

रस्त्यावरून ऑटो चालला होता.
मी उठून खिडकी लावली, पंखा बंद केला.
"पुन्हा मारा," म्हटलं.