डावा खांदा

मुंबईहून आलेली पोरगी वही मागून राहिली होती.
"काका, साहेबांचं ओरिजिनल माप म्हणे तुमच्याकडेच आहे."

आहे ना. सत्त्याहत्तर सालची लाल वही,
महालातल्या दुकानात, मशीनखालच्या फळीवर:
तु. वाकोडीकर. जाकीट, बंद गळा.
छाती एकोणचाळीस, उंची सव्वीस.
आणि कोपऱ्यात, बाबांच्या बारीक अक्षरात,
डावा खांदा अर्धा इंच खाली. कापूस भरणे. बोलू नये.

आम्ही बोललो नाही.
दर हिवाळ्यात, अधिवेशनाच्या आधी,
तेवढा कापूस भरत गेलो,
आणि सरळ खांद्यांचा माणूस फोटोत गेला,
चौकातल्या पुतळ्यात गेला,
मग कादंबरीत. तिथं दोनशे दहाव्या पानावर
तो खिशातून पिस्तूल काढतो.
नाटकात त्याच खिशातून कुण्या बाईचं पत्र निघालं,
लोक पोट धरून हसले.

खिसा मी शिवला होता.
पाच इंच खोल, आतून मांजरपाट.
त्यात फुटाणे राहत. पित्ताचा त्रास होता त्यांना.
धुवायच्या आधी जाकीट उलटं करून
सालं झटकावी लागत.

आता सिनेमा. यात म्हणे देवमाणूस.
गिरणी त्यांच्याच काळात बंद पडली,
माझा भाऊ पुंडलिक तीन वर्षं ओट्यावर बसून होता,
रस्त्यानं जाणाऱ्या सायकली मोजत.
ते आहे का, विचारलं.
"काका, दोन तास दहा मिनिटंच आहेत हो."

बरोबर आहे. वहीत तरी कुठं आहे.
वहीत शेवटची नोंद निवडणूक हरल्यानंतरची.
पायी आले होते. सोबत कुणी नाही.
छाती छत्तीस.
नवीन नको, म्हणाले, जुनंच आवळून द्या.
शिलाई बाकी, रुपये अठरा.

नटाची छाती चव्वेचाळीस, खांदे पाटासारखे.
पाच जाकिटं कापली. चार तिनं सांगितली तशी.
पाचव्याचा डावा खांदा
रात्री, दुकान बंद केल्यावर,
अर्धा इंच उतरवला.
कापूस नाही भरला.

आठव्या दिवशी कस्तुरचंद पार्कातून फोन,
मागं भोंगा, गर्दीचा आवाज, खोट्या घोषणा.
"काका, एक पीस बिघडलंय. खांदा पडून राहिलाय.
डायरेक्टर म्हणतात, साहेब असे नव्हते."

पाठवा परत, म्हटलं.
टाके उसवले, कापसाचा डबा काढला,
आणि बिलात खाली
जुने अठरा रुपये जोडले.