चार वाजताची स्वारी

फियाट गुप्त्यांची होती. मागून आणलेली वस्तू
वेळेला पाठ दाखवते, असं आई मांडवीपासूनच म्हणत होती.
डभोईत हिरा भागोळीभोवती आम्ही दोनदा फिरलो,
तिसऱ्यांदा पानवाल्यानेच हात जोडले,
'प्रदक्षिणा झाल्या असतील तर सांगतो,
शिनोरचा रस्ता मागे राहिला.'
बाबांनी त्याचे आभार मानले
आणि संखेड्याचा रस्ता धरला.

मग ताराआत्याला मळमळलं. मग चाक बसलं.
मग डिकीत जॅक नव्हता.
जॅकच्या जागी श्रीखंडाचं पातेलं होतं,
बाबांनीच सकाळी जुन्या उशीचा टेकू देऊन
अगदी निगुतीनं बसवलेलं.
आई काही बोलली नाही.
पातेलं काढून मांडीवर घेतलं
आणि बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसली.
कपाशीच्या शेतातून चार गडी आले, त्यांनी गाडी हातांवर उचलली.
निम्मं श्रीखंड तिथंच संपलं.

रतिभाईंच्या मळ्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेलेले.
केळीच केळी, मध्येच पपया,
पाटाच्या पाण्याची वाफ अंगाला चिकटणारी
आणि घोडी. बदामी. काठियावाडी.
कानांची टोकं एकमेकांना टेकलेली,
जणू डोक्यावरच नमस्कार बांधून ठेवलाय.

आता हे सांगायला हवं की बाबा वीज मंडळात बिलं तपासत
आणि त्यांचे पणजोबा सरकारी पागेत होते.
हाताखाली एकशे बारा घोडी.
दर दिवाळीला त्यांत पाच-सहांची भर पडे.
बाबा स्वतः मात्र कधी
लग्नाच्या घोड्यावरही बसले नव्हते, मोटार केली होती.

'बेसो ने, साहेब,' रतिभाई म्हणाले.
हौदाच्या कठड्यावरून बाबा चढले.
विजारीची शिवण उसवली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला
आणि सगळे पपया बघू लागले.
बाबांनी पाठ ताठ केली, फोटोतल्यासारखी,
जिभेनं टक् केलं. घोडी हलली नाही.
पुन्हा टक्. बदामीनं शेपटीनं माशी वारली.
मी आणि अभिजात हसू दाबत उभे.

असा बराच वेळ गेला. सावली हौदाच्या दुसऱ्या कडेला पोचली,
आणि काय वाटलं कोण जाणे, बदामी निघाली.
कुणाला न विचारता, केळीतून सरळ.
एका पानानं टोपी घेतली, दुसऱ्यानं चष्मा वाकवला.
रतिभाई मागून ओरडत होते,
'लगाम ओढू नका! चार वाजले! ती डेअरीवर चाललीये!'

आम्ही धावत पोचलो तर ती रांगेत उभी.
पुढे हिरव्या बांधणीतली एक बाई, बरणी कमरेवर,
मागे सायकलवर कॅन लावलेला पोरगा,
आणि मध्ये, सगळ्यांच्या वर, आमचे बाबा.
रांग एक पाऊल सरके, बदामी एक पाऊल सरके.
कुणी हसलं नाही. दुधाची रांग ती,
तिथं ज्याची पाळी त्याची पाळी.
खिडकीशी मुलानं मान वर न करता विचारलं, 'दूध?'
बाबांनी दोन्ही रिकामे हात पाहिले. म्हणाले, 'नाही.'
त्यानं सवयीनं पावती फाडली.
खाते चोवीस. लिटर शून्य. फॅटच्या रकान्यात आडवी रेघ.
बाबांनी वाकून ती दोन्ही हातांनी घेतली,
सनद घ्यावी तशी.

परतताना एकच दिवा लागत होता.
बाबा मागच्या सीटवर आडवे, गुडघे मिटेनात,
माझ्या मांडीवर केळ्यांचा घड.
आईनं पदर खोचून किल्ली घेतली.
कॉलेजात एनसीसीची जीप चालवायची म्हणे,
आम्हाला हे कधी कळलंच नव्हतं.
एकही वळण न चुकता तिनं सगळ्यांना दांडिया बाजारात आणलं.

पावती आता पणजोबांच्या फोटोच्या काचेत आहे,
त्यांच्या रिकिबीपाशी खोचलेली.
पाहुणे अजून विचारतात, तेव्हा घोडी किती होती हो?
बाबा चष्मा पुसतात. एक काडी अजून वाकडीच आहे.
'एक,' म्हणतात.
मग जरा थांबून,
'पण वेळेची पक्की.'