तीन हजार तीनशे एकोणनव्वद

भोसरीत, मुथा शेठच्या गिअरच्या कारखान्यात
एक दार सहा वर्षं सताड उघडं होतं
आणि ते दार आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.
त्याला फक्त नंबर होता.
तीन हजार तीनशे एकोणनव्वद.

वैजयंती दहिफळे रोज त्यातून आत जायची,
चिखलीच्या घरात पोर मांडीवर झोपवून
टॅलीत दिवसाची बिलं चढवायची.
शेठ जायचे, लग्नाच्या पंगतीतूनसुद्धा.
मीही जायचो.
सोय होती. सोयीला कोण कडी लावतं?

मग एका मंगळवारी नोंदी उघडल्या.
एका रात्रीत एकेचाळीस हजार वेळा
कुणीतरी दार वाजवून गेलं होतं.
नाव सांगत होतं: अ‍ॅडमिन.
मग अ‍ॅडमिन एक. मग टेस्ट. मग टॅली.
न थकता, न चिडता,
जिभेनं हलता दात चाचपत राहावा तसं.
आणि पहाटे चार वाजून दोन मिनिटांनी, कुठून मिळालं कोण जाणे:
वैजयंती.

शनिवारी रात्री कर्वेनगरात
ताट बाजूला सारून बसलो.
आधी बोगदा खणला. खाजगी जाळं,
माझ्या टेबलापासून थेट सर्व्हरपर्यंत,
मधल्या कुणाला न दिसणारं.
मग किल्ल्या पाडल्या, ज्याची त्याला वेगळी.
मग यादी. सहा नावं.
शेठचा पुतण्या सातवा व्हायला बघत होता.
कशासाठी, एवढंच विचारलं.
तो अजून विचार करतोय.

बाकी जगासाठी एकच ओळ: नाही.
ती यादीच्या तळाशी हवी.
मी ती सगळ्यात वर लिहिली.

एंटर.
तिकडचं घड्याळ माझ्या पडद्यावर
बारा सतराला थिजलं.
दार इतकं चोख बसलं होतं
की लावणारा बाहेर.

स्कूटर काढली. विद्यापीठ चौक, खडकी,
दापोडीच्या पुलाखाली जलपर्णीनं झाकलेली मुळा,
नाशिक फाट्यावर एक कुत्रं, एक सिग्नल, दोघंही पेंगलेले.
सव्वाला गेटवर.

सटवाजी गिते, मूळचे अहमदपूरचे,
कानटोपी, बॅटरी, रजिस्टर.
"साहेब, रातच्या यादीत तुमचं नाव न्हाई."
अहो, मला ओळखत नाही का?
"वळखतो की. वळख येगळी, यादी येगळी."

हेच मी शेठना समजावत होतो
चार वर्षं, पस्तीस स्लाइडा दाखवून.

शेठना उठवलं. शिव्या खाल्ल्या.
म्हटलं, घ्या, शेठ बोलतायत.
गितेंनी माझा फोन कानाला लावला नाही.
स्वतःचा काढला, पाकिटातल्या चिठ्ठीवरचा नंबर
एकेक आकडा पुटपुटत दाबला,
आवाज ऐकला, हं म्हणाले,
आणि रजिस्टर पुढे केलं.
नाव. वेळ. काम.
कामाच्या रकान्यात मी लिहिलं:
कुलूप लावताना बाहेर राहिलो.

आत कुलंटच्या तेलाचा थंड वास,
हत्यारांच्या खोलीमागे सर्व्हरचा एकटा हिरवा दिवा.
ओळ वरून उचलली, तळाशी ठेवली.
चार मिनिटांचं काम.
घरून यायला पन्नास लागली होती.

नोंदी बघत थोडा वेळ बसलो.
कुणी येत नव्हतं.
म्हणजे येत असणारच,
पण त्यांना आता नुसती भिंत लागत होती
आणि भिंतीला नाव सांगून काय उपयोग.

बाहेर पडलो. "जायची येळ टाका," गिते म्हणाले,
"आत ऱ्हायलेला माणूस मला चालत न्हाई."
टाकली. किक मारली.
आणि तेव्हा आठवलं:
सर्व्हरवर माझं खातं मी तसंच उघडं सोडून आलोय.

गाडी बंद केली. मागे वळलो.
जुन्याच ओळीखाली सही करायला पेन टेकवलं
तर गितेंनी बोटानं ते खाली सरकवलं.
"ती वळ संपली साहेब.
नवी भरा."